माही इथे असती तर आत्ता...

गेल्या रविवारी संध्याकाळी फरीदाबादला, आमच्याच सोसायटीतल्या शेजारणीकडे मटार सोलता सोलता मला रडू आलं... आणि तेही इंग्रजीच्या एका धड्यामुळे. खरंच सांगतेय!

शेजारीण म्हणजे कमलेशजी. हरियाणाच्या, साधारण माझ्याच वयाच्या. आवाज असा की लिफ्टमध्ये बोलल्या तरी वरच्या मजल्यावर कळतं. गेल्या वर्षी त्यांचे मिस्टर गेले. मुलगा आणि सून कॅनडात असतात आणि तिथेच जन्मलेली सात वर्षांची नात, माही. तिला हिंदीतले चार शब्द येत असतील, फार तर पाच.

दोन महिन्यांपूर्वी कमलेशजी माझ्या दारात उभ्या राहिल्या. "मैडमजी, मन्ने अंग्रेजी सिखा दो. छोरी दो मिनट में फोन छोड़ के भाग ज्या सै." त्यांना नोकरी करायची नव्हती, परदेशी जायचं नव्हतं. नातीनं फोनवर जरा थांबावं... एवढंच हवं होतं.

मी पडले कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत तुटक बोललेलं चालायचं नाही. नुसतं "वॉटर" म्हटलं तर सिस्टर ऐकू न आल्यासारखं करायच्या, अख्खं वाक्य बोलल्याशिवाय पाण्याला जाऊ द्यायच्या नाहीत. तीच शिस्त मी कमलेशजींना लावली. जेवलीस का, शाळा कशी आहे, तिकडे थंडी आहे का... सगळं पाठ करून घेतलं, पूर्ण वाक्यात.

माझं कुठे चुकतंय, ते मला कळलंच नाही. त्या एकेक प्रश्न धडाधड विचारायच्या आणि तिकडून उत्तर यायचं, "फाइन." पुन्हा "फाइन." मग "बाय, दादी!" कमलेशजी हसून म्हणायच्या, "मेरा पूरा सेंटेन्स, उसका एक वर्ड." हसायच्या खऱ्या, पण फोन लगेच खाली ठेवायच्या नाहीत. काळ्या झालेल्या स्क्रीनकडे बघत बसायच्या...

गेल्या आठवड्यात मी त्यांना एक नवा धडा दिला. जे आत्ता घडत नाहीये, पण परिस्थिती वेगळी असती तर या घडीला चालू असतं, ते इंग्रजीत कसं सांगायचं. शाळेत मला यात पैकीच्या पैकी मार्क असायचे. पुढे आयुष्यभर मी ते फक्त ऑफिसच्या पत्रांत वापरलं... वुड बी वेटिंग फॉर युवर रिप्लाय. तेसुद्धा चुकीचंच म्हणा!

रविवारी कमलेशजींनी मला बोलावून घेतलं. "आप बगल में बैठना, हिम्मत रहेगी." पुढ्यात मटारांचा ढीग, फोन पाण्याच्या जगला टेकवलेला. तिकडे सकाळ होती. माही केस पिंजारलेल्या अवस्थेत आली आणि नेहमीप्रमाणे इकडेतिकडे बघायला लागली.

कमलेशजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदम म्हणाल्या, "माही, इफ यू वर हिअर, यू वुड बी सिटिंग ऑन माय बेड."

माही थांबली. "अँड?"

"आय वुड बी पुटिंग ऑइल इन युवर हेअर. यू वुड बी शाउटिंग."

"आय वुड नॉट!"

"यू वुड बी शाउटिंग व्हेरी लाउड. मैडमजी वुड बी रिंगिंग बेल."

मध्ये एक 'द' राहिला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. माही पोट धरून हसत होती. तिनं खुर्ची पुढे ओढली, हनुवटी टेबलावर टेकवली... आणि मग विचारलं, "अँड दादाजी? व्हॉट वुड ही बी डूइंग?"

कमलेशजींचा हात मटारात तसाच राहिला. मागे भिंतीवर हार घातलेला फोटो. विषय बदलावा म्हणून मी तोंड उघडलंसुद्धा होतं...

"दादाजी वुड बी हायडिंग युवर स्लिपर," कमलेशजी म्हणाल्या.

"व्हेअर?"

"इन द फ्रिज. यू वुड बी सर्चिंग, सर्चिंग. अँड ही वुड बी सेइंग..." इथे त्यांनी मान तिरकी केली आणि जाड, आळसावलेल्या आवाजात म्हणाल्या, "मन्ने के बेरा!" मला काय माहीत! हुबेहूब त्यांच्या मिस्टरांचा आवाज. मी चक्क स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं.

अंगावर काटा आला हो... 'असते तर' म्हणजे ते नाहीत, हे त्या आजीला ठाऊक होतं, सात वर्षांच्या नातीलाही ठाऊक होतं. तरी दोघींच्या मध्ये तो माणूस चप्पल घेऊन हिंडत होता. ज्या वाक्याला मी मार्कांपुरतं ओळखत होते, त्यात एवढी जागा असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

तिकडून सुनेनं हाक मारली, स्विमिंगला उशीर होतोय. माही मागे न बघता ओरडली, "वेट, मम्मा! दादाजी इज हायडिंग माय स्लिपर!"

सून कॅमेऱ्याच्या कडेला हळूच येऊन बसली. स्विमिंग त्या दिवशी बुडलं. मी मटार सोलत होते, पण शेंगा कुठल्या आणि दाणे कुठले, काही धड दिसत नव्हतं...

शिकवायला म्हणून गेले होते. त्या दोघींनी मला तिथे बसू दिलं, याबद्दल त्यांचे किती आभार मानू!