इगाराशींच्या शेतातली कूज

उत्तर जपानमध्ये, तोकाचीतल्या आमच्या गावात साखरेच्या बीटची रोपं हात्सुए ओनोदेरा वाढवायची. मार्चमध्ये बाहेर कमरेएवढं बर्फ असायचं, तेव्हा तिच्या प्लॅस्टिकच्या रोपघरात स्टोव्ह पेटायचा आणि कागदी नळ्यांत बी पडायचं. अकरा घरांची रोपं तिच्याकडे. मी वीस वर्षं तिच्याबरोबर तिथे राबले.

एका वर्षी रोपं बुडाशी काळी पडून आडवी व्हायला लागली. हात्सुए स्वतः घरोघरी गेली. "कोलमड लागलीय. पाणी माझ्या हातून जास्त झालं," म्हणाली आणि सगळे ट्रे जाळून नव्याने पेरले. बाई अशी होती.

पुढे एक उन्हाळा नुसता पावसात गेला. ऑगस्टमध्ये इगाराशींच्या शेतातली बीटची पानं भर दुपारी माना टाकायला लागली. उपटून पाहावं तर मूळ शेंड्याकडून काळं, हाताला बुळबुळीत, आणि नाक दाबून धरावं असा वास. गावच्या शेतकरी सोसायटीच्या बैठकीत इगाराशी सगळ्यांसमोर गरजले, "रोग रोपांतूनच आलाय!"

अध्यक्ष हात्सुएच्या कानाशी वाकले. "वहिनी, माफीचे दोन शब्द बोलून टाका. विषय मिटेल."

"विषय मिटेल हो. कूज मिटेल का?" ती मोठ्याने म्हणाली. "उद्या सकाळी सगळे शेतात या. मी फावडं घेऊन येते."

सगळे आले. तमाशा कोणाला नको असतो! हात्सुएने सखल कोपऱ्यात खणायला घेतलं. गुडघाभर खोलीवर फावडं खण्णकन वाजलं. ट्रॅक्टरच्या वजनाने दाबून दाबून माती फरशीसारखी झाली होती, आणि तिच्यावर पाणी साचलेलं. मग ती त्याच शेताच्या उंच बाजूला गेली आणि तिथली चार बीटं उपटली. मुळं पांढरीशुभ्र.

"एकाच दिवशी, एकाच खेपेतली रोपं लावलीत ना? मग रोग रोपात असता तर त्याने उंच-सखल बघितलं असतं का?"

तिने सखल कोपऱ्यातलं एक काळं मूळ उचलून इगाराशींपुढे धरलं.

"ही बुरशी पाण्यातून पोहत मुळापर्यंत जाते, इगाराशी. तुम्ही तिला तळं करून दिलंत. वर लागोपाठ दुसऱ्या वर्षी बीटच."

"बटाटे लावावेत तर काढायला माणसं मिळत नाहीत, त्याला मी काय करू?"

"ते मला नका सांगू. त्या काळ्या मुळांना सांगा."

इगाराशी लालबुंद झाले. "पुढच्या वर्षी तुझी रोपं घेणार नाही मी!"

"मागितलीत तरी देणार नाही. आधी चर काढा."

त्या मोसमात त्यांचं अर्धं पीक शेतातच सडलं. पुढच्या मार्चला हात्सुएने दहाच घरांचं बी टाकलं. "एका घरासाठी गावात वैर कशाला?" मी म्हटलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या तळ्यात मरायला मी रोपं वाढवत नाही."

दोन वर्षं इगाराशींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण यंत्र आणून खालची माती फोडली, निचऱ्याचे पाइप टाकले, गहू घेतला. आणि तिसऱ्या वर्षी गव्हाच्या कापणीनंतर टोपी हातात घेऊन रोपघराच्या दाराशी उभे राहिले.

"वहिनी, माझं नाव लिहा."

"चर दाखवा."

दोघं शेतात गेले, मागून मी. पाइपाच्या तोंडातून रात्रीच्या पावसाचं पाणी धो धो पडत होतं. हात्सुएने त्याखाली हात धरून पाहिला, मग गव्हाच्या धसकटांतून पार पलीकडे चालत गेली, टाचेने माती दाबली आणि ओरडली, "इथे अजून एक चर लागेल!"

इगाराशींनी मुकाट्याने खुणेची काठी रोवली.