मत नसलेल्यांचे पार्षद

ज्यांना मत नाही अशाच माणसांसाठी जीव टाकून राबणारा लोकप्रतिनिधी मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा दीर निघाला. सख्खा नव्हे, चुलत. पण काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत आमची दारं समोरासमोर असल्यामुळे सख्ख्यापेक्षा जास्त तापाचा. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात आणि बाकी गल्ली 'पार्षदजी' म्हणते. पार्षद म्हणजे तुमच्याकडचा नगरसेवक. त्याने नाल्या, दिवे, गटारांची झाकणं बघावीत अशी लोकांची माफक अपेक्षा असते. भाऊजींनी ही कामं कधी नाकारली नाहीत, त्यांना ती दिसलीच नाहीत. त्यांची नजर जमिनीपासून तीन फुटांच्या वर सहसा जातच नाही. रस्त्याने चालताना त्यांना माणसं दिसतात ती अडीच फुटी, नाकाला शेंबूड आणि हातात ओलं बिस्कीट असलेली. नाली तीन फुटांच्या खालीच असते हे खरं, पण तिच्याकडेही ते यात मूल पडेल का, एवढ्यापुरतंच बघतात. कोपऱ्यावरचा पानवाला रोज विचारायचा, "का गुरू, नाली कब बनी?" आणि हे रोज उलट विचारायचे, "तोहार नाती के दूसरा टीका लगल?" पानवाल्याने पुढच्या खेपेला दुसऱ्याला मत द्यायचं ठरवलं, पण नातवाला लस मात्र टोचून आणली.

हे निवडून आले कसे, याचं उत्तर सोपं आहे. वॉर्डातल्या दोन तगड्या उमेदवारांचं एकमेकांशी इतकं वाजलं, की लोकांनी वैतागून तिसरं नाव शोधलं. आमच्या घराण्यात क्षेत्रोपाध्येपण चालत आलेलं आहे. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू भाऊजींच्या घरी उतरतात. सकाळी दशाश्वमेधावर त्यांचं गंगापूजन, श्राद्ध वगैरे हे करून देतात. त्यामुळे गल्लीत कोणाशी वैर नाही. पण निवडून आल्यावर पहिल्याच सभेत हे उभे राहिले आणि म्हणाले, "हमारे वार्ड में पाँच साल का बच्चा अपने हाथ से पानी नहीं पी सकता." सभेला वाटलं भीषण पाणीटंचाई आहे. मग कळलं की नळ उंच आहे. लोक हसले, पण भाऊजी हसण्याने खचणाऱ्यांतले नाहीत. चार महिने खेटे घालून त्यांनी गल्लीच्या वळणावर एक बुटका नळ बसवून घेतला. पहिल्या दिवशी सहा पोरांनी ओंजळीने पाणी प्यायलं आणि भाऊजी बाजूला उभे राहून बघत होते, जणू गंगा आत्ताच यांनीच आणली. दुसऱ्या दिवशी बायका भांडायला आल्या, कारण बादली त्या नळाखाली जाईना. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या सांडाला शोध लागला, की ही उंची आपल्यासाठीच आहे. त्याने तो नळ चाटून चाटून वाकडा केला. मी म्हटलं, "भाऊजी, कोणाचीच सोय झाली नाही." ते म्हणाले, "बादल्यांना दुसरे नळ आहेत, वहिनी. आणि सांड काय, थोडा वेळ पितो."

मोठ्या मुलांचंही त्यांनी सोडलं नाही. शाळा अर्धी सोडून घाटावर परदेशी पाहुण्यांच्या मागे फिरणारी पंधरा-सोळाची पोरं त्यांनी आपल्या तळमजल्यावर आणून बसवली. जिथे यात्रेकरूंच्या वळकट्या ठेवायच्या, तिथे बाकं आली. पोरं अर्थातच अभ्यासाला येत नव्हती, वायफायला येत होती. म्हणून भाऊजींनी रोज पासवर्ड बदलायला सुरुवात केली. पासवर्ड म्हणजे फळ्यावरच्या एका गणिताचं उत्तर. महिनाभर सगळं छान चाललं. मग माझ्या लक्षात आलं, की गणित एकच मुलगी सोडवते आणि उरलेले अठरा जण तिच्याकडून उत्तर घेऊन व्हिडिओ बघतात. पुढे ती मुलगी तंत्रनिकेतनात लागली आणि लखनौला गेली. अठराच्या अठरा जण अडकून बसले. भाऊजींनी पेढे वाटले, पण पेढे वाटताना त्यांचा चेहरा पाहिला तर कोणालाही वाटलं असतं की काहीतरी अशुभ घडलंय. "एक गेली," ते म्हणाले. मी म्हटलं, "पास झाली, भाऊजी." ते म्हणाले, "तेच. जी पास होतात ती जातात. नापास करायची काही योजना असती, तर वॉर्ड भरलेला राहिला असता." जाऊबाई आतून म्हणाल्या, "तुम्ही शिकवत राहा, आपोआप होतील."

आता त्यांच्या वहीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिचाच. उपाध्यांची वही काय असते ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लांबोडकी, लाल कापडात बांधलेली, गावागावाची पानं असलेली. कुठल्याशा खेड्यातून माणूस येतो, गाव आणि आडनाव सांगतो, आम्ही पान उघडतो, आणि त्यावर त्याच्या पणजोबांची सही असते. माणूस रडतो, मग खाली आपलं आणि आपल्या मुलांचं नाव लिहितो. या वहीचा नियम एकच: नाव चढतं, उतरत नाही. माणूस मेला तरी त्याचं नाव खोडत नाहीत. भाऊजींनी अशीच एक वही वॉर्डातल्या पोरांसाठी केली. मूल जन्मलं की तिसऱ्या दिवशी हे वही काखेत मारून हजर. नाव, बाप, आजा, पणजा, मूळ गाव, आणि पुढे लसींचे रकाने. विणकरांची पोरं, मारवाड्यांची पोरं, सगळी एकाच वहीत. गंगेवर होडी चालवणाऱ्या एका नाववाल्याला मूळ गाव विचारलं तर तो म्हणाला, "हमन क कउनो गाँव नाहीं, पार्षदजी. गंगाजी हईं." भाऊजींनी गावाच्या रकान्यात 'गंगा' लिहिलं.

गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत अंगणवाडी होती आणि एकोणीस वर्षं मी तिची सेविका होते. सुरुवातीला मला पोरं बसवायला जागा पुरत नसे. मग गल्लीतली घरं एकेक करून गेस्ट हाऊस होत गेली. खाली स्वागतकक्ष, वर खोल्या, गच्चीवर गंगा बघत कॉफी प्यायची सोय. भाडेकरू निघाले, काही मालकही निघाले, आणि पोरं कोणाच्या तरी कडेवर बसून त्यांच्याबरोबर गेली. पट घसरत तेरावर आला. वरून पत्र आलं, की पट अमुक संख्येच्या खाली असेल तर हे केंद्र मोठ्या रस्त्यापलीकडच्या केंद्रात मिसळण्यात येईल. तो रस्ता म्हणजे ई-रिक्षा, हातगाड्या, यात्रेकरूंचे लोंढे आणि सणाच्या दिवशी पोलिसांचे अडथळे. तीन वर्षांचं पोर कोणती आई रोज तिकडे पाठवील? अंगणवाडी हे खातं भाऊजींचं नव्हेच, त्यात त्यांना कोणी विचारतही नव्हतं. पण त्यांनी मला न सांगता उत्तर धाडलं, की वॉर्डात एकसष्ट बालकं असून केंद्र हलवण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या रजिस्टरात तेरा, पार्षदांच्या पत्रात एकसष्ट. साहजिकच तपासणी लागली.

तपासणीच्या दिवशी सकाळी भाऊजींच्या घरी लातूरकडची एक बस उतरली होती. मोठ्या माणसांबरोबर नऊ पोरं, सगळी योग्य वयाची, सगळी भुकेली. मी सरळ माणूस आहे, पण मूर्ख नाही. मी म्हटलं, "भाऊजी, तासभर ही पोरं सतरंजीवर बसवा. मी गरम दलिया देते. कोणाचं काही जात नाही." ते फार दुखावले. म्हणाले, "वहिनी, त्यांची नावं लातूरच्या पानावर आहेत. एक माणूस दोन पानांवर कसा लिहू?"

तपासणीच्या मॅडम आल्या. पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या, कामसू बाई होत्या. त्यांनी पोरं मोजली. तेरा. मग भाऊजींनी लाल कापड सोडून वही पुढे केली आणि मॅडम पानं उलटू लागल्या.

"बाकी बच्चे कहाँ हैं?"

"बाहर गए हैं."

"बाहर? खेलने?"

"नोएडा," भाऊजी म्हणाले. "ये वाला सूरत. ये दोनों भाई इंदौर."

मॅडमनी चष्मा काढला. "आएँगे कब?"

"आएँगे. हमारे यहाँ सब लौटते हैं. कोई-कोई तीन पीढ़ी बाद आता है, लेकिन आता है."

"पार्षदजी," त्या अगदी मऊपणे म्हणाल्या, "तीन पीढ़ी का दलिया मैं कैसे मँगाऊँ?"

मला हसू आलं आणि मी ते दलियाच्या पातेल्यात तोंड घालून लपवलं. भाऊजी हसले नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं, की यात चूक काय आहे. खोटं त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मॅडमना ते कळलं असावं. जाताना त्या म्हणाल्या, "आठ दिन में अपने हाथ से लिखकर सूची दे दीजिए. जितने नाम आप देंगे, मैं मान लूँगी. दोबारा गिनने नहीं आऊँगी." एवढं स्पष्ट कोणी सरकारी माणूस बोलत नाही. मी त्याच दिवशी भाऊजींना म्हटलं, "तीस लिहा आणि मोकळे व्हा." सात दिवस त्यांनी यादीचा विषयच काढला नाही. पानवाल्याने नालीबद्दल विचारलं तर म्हणाले, "देखते हैं," आणि पानवाला घाबरला.

आठव्या दिवशी दुपारी ते वही घेऊन माझ्याकडे आले. वहीत खोडायचं नाही, एवढं मी समजून होते. म्हणून कोरा कागद घेतला. मी नाव वाचायचं, त्यांनी 'आहे' किंवा 'बाहेर' म्हणायचं, असं ठरलं. पहिलं 'बाहेर' यायला बराच वेळ लागला. पुढे जरा सवय झाली. प्रत्येक 'बाहेर'च्या मागे ते काहीतरी जोडत. हा, दात उशिरा आलेला. ही पोलिओचे थेंब घालताना चावली होती. या पोराला मी पोहायला घालणार होतो. मी म्हटलं, "भाऊजी, नुसतं सांगा, पोळ्या व्हायच्यात." मधल्या एका पानावर त्यांच्या नातीचं नाव होतं. मुलगा पुण्यात असतो. नात जन्मल्यापासून काशीला एकदाच आली, आठ दिवसांसाठी, आणि तेवढ्यात यांनी तिला वॉर्डात चढवली होती. मी ते नाव न वाचता पुढे गेले.

"वहिनी, एक राहिलं."

"तिचं मला माहीत आहे."

"तरी वाचा. यादी आहे ती."

मी वाचलं. बाप, आजा, पणजा, सगळं वाचलं. ते खिडकीकडे बघत 'बाहेर' म्हणाले. शेवटी कागदावर तेरा नावं उरली. त्यांनी खाली सही केली, तारीख घातली आणि कागद स्वतः नेऊन दिला.

महिन्याभरात केंद्र हललं. आमच्या खोलीत आता यात्रेकरूंचे जोडे आणि मोबाइल ठेवायचे लॉकर आहेत. धंदा बरा चालतो असं ऐकते. माझी नेमणूक पलीकडच्या केंद्रात झाली. तेरांपैकी सहा पोरं रस्ता ओलांडून येतात, ती भाऊजी आणतात म्हणून. सकाळची गंगापूजनं त्यांनी अर्ध्या तासाने पुढे ढकलली आहेत. बाकीच्या सातांच्या आया म्हणाल्या, शाळेत घालू तेव्हा बघू. भाऊजींनी त्यांच्याशी वादही घातला नाही, आणि हे मला काही चांगलं लक्षण वाटलं नाही. पोरं पोचवून ते नगरनिगमात जातात आणि झाकणांचे, दिव्यांचे अर्ज देतात. लोक म्हणतात, पार्षदजी आता कुठे पार्षद झाले.

गेल्या महिन्यात त्या सहांतली परी गेली. नाववाल्याची धाकटी. बापाला गाझियाबादला एका कारखान्यात रखवालदारी मिळाली. टेंपो भरत असताना भाऊजी तिथे उभे होते. मला वाटलं काही बोलतील, पण त्यांनी फक्त लसीचं कार्ड कुठल्या पिशवीत ठेवलंय ते विचारलं आणि नव्या घराचा पत्ता लिहून घेतला. मग तीन दिवस हा माणूस फोनला चिकटून होता. चौथ्या दिवशी दुपारी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "वहिनी, मिळाली." त्या पत्त्याजवळची अंगणवाडी त्यांनी शोधून काढली होती. मी म्हटलं, "भाऊजी, तो तुमचा वॉर्ड नव्हे." त्यांनी ऐकलं नसल्यासारखं करून फोन लावला आणि मलाही ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला.

"बहनजी, आपके यहाँ परी नाम की बच्ची आई होगी. दलिया ठंडा हो तो नहीं खाती. बस यही बताना था."

"आप कौन? दादाजी?" पलीकडून बाईंनी विचारलं.

"नहीं. पार्षद."

"यहाँ के?"

"बनारस के."

पलीकडे पोरांची कलकल चालली होती. मग बाई म्हणाल्या, "आई है. सुबह बहुत रोई. अभी यहीं मेरे पास सो रही है."

भाऊजींनी तोंडापुढे आडवा हात धरला, आवाज अगदी खाली आणला आणि माझ्या स्वयंपाकघरात कुजबुजत म्हणाले, "तो रखते हैं, जाग जाएगी." मीही हातातलं पातेलं न वाजवता ओट्यावर ठेवलं.