करंट मामांचं रेकॉर्डिंग

करंट मामा गायला उभे राहिले की पायाखाली लाकडी पाट घ्यायचे, आपण जेवायला बसतो तसला. मांडवातलं वायरिंग कसं असतं ते सांगायला नको. हातात इलेक्ट्रिक गिटार आणि ओठ माइकला लागले की पाट असूनही कधीकधी असा झटका बसायचा, की दुसरा माणूस कडवंच विसरला असता. मामा ओठ चोळून म्हणायचे, "लाइट आली म्हणायची गावात," आणि पुढची ओळ उचलायचे. त्यांचं खरं नाव कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छापलेलं असायचं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

मी त्यांच्या भीमगीतांच्या पार्टीत कोरसला होते. बारावीपासून नोकरी लागेपर्यंत, आणि लागल्यावरही रजा टाकून. वडवणी, पाटोदा, बीड, जिथलं बोलावणं येईल तिथे एका जीपमध्ये ढोलकी, पेटी, आम्ही दोघी कोरसवाल्या आणि मामांच्या मांडीवर ती लाल गिटार. बाकीच्या पार्ट्यांत बँजो असायचा. मामांनी ही गिटार एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणली आणि तिच्यावर आपल्याच चाली बसवल्या. एका जुन्या गायकाने तोंड वाकडं करून विचारलं, "हे साहेबाचं वाद्य आपल्याला कशाला पायजे?" मामा म्हणाले, "मग पेटी काय आपल्या गल्लीत उगवली व्हती?"

त्या गिटारीबरोबर एक कॅसेट आली होती. कव्हर नाही, नाव नाही. अमेरिकेतला कुणी काळा गायक आहे, असं कॉलेजातल्या एका सरांनी ऐकून सांगितलं. तो गिटार वाजवत गातोय आणि समोर माणसं बसलीत. ती खोकतात, हसतात, मध्येच ओरडून दाद देतात, आणि तोही गाता गाता थांबून त्यांच्याशी बोलतो. मामांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी कॅसेटची एक बाजू त्यांनी घासून संपवली. यातलं तुम्हाला काय कळतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "ह्यालाबी कुणीतरी बाजूला सरक म्हणलेलं हाय. तेवढं कळतंय." तेव्हापासून आपलंही रेकॉर्डिंग असंच, माणसांत व्हावं, हे त्यांच्या डोक्यात बसलं. स्टुडिओत ते एकदाच गेले आणि न गाताच परत आले. "काचंच्या खोलीत कुणाला सांगू?" असं त्यांचं म्हणणं.

सांगण्यासारखं त्यांच्याकडे एक गाणं होतं, आईचं. मामांच्या लहानपणी गावातली बडी मंडळी समोरून आली की आमच्या बायकांनी पायवाट सोडून बाजूच्या रानात उतरायचं आणि ती जाईपर्यंत खाली मान घालून उभं राहायचं. मामांची आई एक दिवस उतरली नाही. डोक्यावर सरपण घेऊन वाटेच्या मधोमध चालत राहिली आणि घरी पोचली. एवढीच गोष्ट, पण मामांनी तिची सात कडवी केली होती. दर कडव्यात आई थोडी पुढे यायची आणि दोन कडव्यांच्या मध्ये गिटार नुसती भांडायची. आयोजक खालून घड्याळ दाखवायचे, तेव्हा मामा डोळे मिटून घ्यायचे. एकही कडवं त्यांनी कधी गाळलं नाही.

मग त्यांचा आवाज बसायला लागला. बीडच्या डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन लगेच करा, नंतर आवाज राहील असं धरून चालू नका, म्हणाले. मामांनी तीन आठवडे मागून घेतले, कारण तेवढ्यात वडवणीला जयंतीचा कार्यक्रम होता. बीडमध्ये एकाचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं, त्याचं गाण्यांचं यूट्यूब चॅनेलही होतं. मामा त्याला घेऊन आले आणि म्हणाले, "जे व्हईल ते समदं घे. माणसं खोकली तरी घे."

कार्यक्रम दुपारी चारला सुरू झाला. आईचं गाणं शेवटी होतं. चौथं कडवं चालू असताना मांडवाच्या तोंडाशी गाड्या थांबल्या आणि भागातले पुढारी अण्णा आत आले. आमच्याकडे रीत अशी, की पुढारी आले की गाणं जिथे असेल तिथे तोडायचं. मग हार, शाल, त्यांचे दोन शब्द, आणि ते निघाले की गाणाऱ्याने पुन्हा गळा साफ करायचा. किती गाणी अशी अर्ध्यात मेलेली मी पाहिली आहेत. सूत्रसंचालकाने जाहीर केलं, "अण्णांचं आगमन झालेलं आहे, कलाकारांनी गाणं थांबवावं." मामांनी गिटार थांबवली नाही, नुसती हळू केली. माइकमध्ये म्हणाले, "माय रस्त्यात हाय अजून, अण्णा. तिला घरी पोचू द्या. बसा, तुमीबी ऐका."

बायकांच्या बाजूने टाळ्या आल्या. अण्णा हसले, पण बसले नाहीत. सहाव्या कडव्याला कुणीतरी माइकची वायर उपटली. गिटारीचा स्पीकर वेगळ्या वायरीवर होता, तो चालू राहिला. मामांचा चिरका आवाज पहिल्या चार रांगांपलीकडे जाईना, तेव्हा त्या चार रांगांनी ओळ उचलली आणि मग सगळ्या मांडवाने. मी तेव्हा गात होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. गाणं संपलं तेव्हा अण्णांच्या गाड्या गेलेल्या होत्या आणि शाल टेबलावर तशीच पडलेली होती.

ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. दुकानदार माझ्याकडे आला. म्हणाला, "ताई, गाणं लई झकास आलंय. फक्त अण्णा आल्यापासूनची तीन मिनिटं कापतो, मंग चॅनेलवर टाकतो. न्हाईतर माझ्या दुकानाला कुलूप लागंल." मला ते पटलं, हे मी लपवत नाही. सरकारी कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाला असलं लवकर पटतं. दवाखान्यात मामांच्या खाटेपाशी बसून मी म्हणाले, "मामा, तीन मिनिटांचं तर आहे. बाकीचा आवाज तरी लोकांपाशी राहील." मामांनी वही ओढली आणि लिहिलं, "तेवढा येळ मायला कुठं उतरवू? रानात?" मी वही मिटून ठेवली आणि त्यांना पाणी दिलं.

चॅनेलवर काही आलं नाही. दुकानदाराने सगळं जसंच्या तसं पेनड्राइव्हवर भरून दिलं, एवढा त्याचा चांगुलपणा. तो पेनड्राइव्ह मी नोकरीच्या भीतीने कपाटात ठेवून दिला. मामा कधी त्याबद्दल काही लिहायचे नाहीत, मला पाहून नुसते हसायचे. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या गाण्यांवर वाढलेली माणसं जलदानविधीला दाराशी बसली होती आणि त्यांच्यातल्या एकापाशीही मामांचा आवाज नव्हता, तो माझ्या कपाटात होता. मला माझीच लाज वाटली. त्याच दुपारी मी ते गाणं माझ्या नावाने, माझ्या फोटोसकट यूट्यूबवर टाकलं आणि सगळीकडे पाठवलं.

पंधरा दिवसांत कचेरीत माझ्या टेबलावर कागद आला. शासकीय कर्मचारी असूनही लोकप्रतिनिधींचा अवमान करणारी ध्वनिफीत आपण प्रसारित केली आहे, तरी आक्षेपार्ह भाग तत्काळ वगळून लेखी खुलासा सादर करावा. साहेबांनी आत बोलावून समजुतीने सांगितलं, "बाई, तेवढी तीन मिनिटं काढून टाका. मी मिटवतो."

दुसऱ्यांसाठी असले खुलासे मी पुष्कळ लिहिले आहेत. 'नजरचुकीने' आणि 'दिलगीर आहे' हे शब्द माझ्या हाताला सवयीचे आहेत. त्या दिवशी मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: "सदर गाणे सात कडव्यांचे आहे. त्यातील भाग वगळल्यास गाण्यातील बाईस वाट सोडून रानात उतरावे लागते. ती उतरण्यास तयार नाही. सबब मीही नाही. माहितीस्तव सविनय सादर."

खाली सही केली, आवक शाखेत दिलं आणि पोच घेतली.