मुंबईच्या पत्रांवर चालणारा वर्ग

तीन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. गावच्या बायकांना मी लिहायला-वाचायला शिकवते, आणि माझी चार वर्षांची सुमी तिथेच कोपऱ्यात पाटीवर रेघोट्या ओढत एकटी वाढते आहे. महिला मंडळाचं चिटणीसपण सोडावं का? असा घोर लागला, की मला नेमके मंडळातले किस्से आठवतात. ते आठळ्यांसारखे. फणस कधीच संपलेला असतो, आठळ्या मात्र घरभर!

*

वर्ग भरतो आक्कांच्या पडवीत. आक्का आमच्या अध्यक्ष. मी मॅट्रिक झालेली, त्यामुळे पहिल्या दिवशी मोठ्या रुबाबात ‘अ अननसाचा’ सुरू केलं. पडवी भरलेली होती. चौथ्या दिवशी समोर फक्त आक्का आणि त्यांची मांजर!

मी रडायच्या बेतात. आक्का म्हणाल्या, “मांजरीला सभासद करून घ्या हो. निदान कोरम तरी होईल!”

*

पाचव्या दिवशी भागीरथी आली. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. पदराआडून पत्र काढून म्हणाली, “बाई, अननस ऱ्हाऊ दे. ह्यात माजं नाव कुठं हाय, तेवढं दावा.”

मी पाटीवर तिचं नाव लिहून दिलं. पाटी आणि पत्र शेजारी ठेवून ती ओठ हलवत शोधत राहिली. माडांच्या सावल्या अंगणभर सरकल्या. आणि एकदम ओरडली, “तीनदा हाय! पोस्टमन वाचायचा, तवा एकदाच यायचं!”

दुसऱ्या दिवशी पडवीत प्रत्येकीच्या हातात एकेक पत्र. मी पुस्तक मिटलं.

*

मग पोस्टमन भांडायला आला. “बाई, घरोघरी पत्रं वाचून मला चहा मिळायचा. तुमच्या मंडळानं तो बंद केला!”

“आणि मधल्या ओळी गाळायचास, त्या का रे?” आक्कांनी विचारलं.

तो लाजून जमिनीकडे बघायला लागला. “परक्या बाईमाणसाला असलं कसं वाचून दाखवू, आक्का?”

आता तो आठवड्यातून एकदा शिकवायला येतो. सगळ्या नवऱ्यांची अक्षरं त्याला पाठ आहेत! चहा आक्कांचा.

*

पुण्याहून एक बाई आमचं कार्य बघायला आल्या. वही उघडून त्यांनी विचारलं, “अभ्यासक्रम कोणता?”

आक्का म्हणाल्या, “मुंबईची डाक.”

“म्हणजे डाकेची बोट आली नाही तर?”

“तर उजळणी.”

“आणि परीक्षा कशी घेता?”

मी घाम पुसत होते. मागून भागीरथीच बोलली, “उलट टपाली!”

*

काल दुपारी वारा पडला होता. कुणाच्या तरी केसांतली सुरंगी पडवीभर दरवळत होती. सगळ्या आपापलं पत्र पुटपुटत होत्या, आणि तो आवाज लांबच्या समुद्रात असा मिसळला, की मुंबई शेजारच्याच आळीत आहे असं मला वाटलं. कोपऱ्यात सुमी एकटीच पाटीवर रेघोट्या ओढत होती. तिच्याकडे बघत त्या गुंगीतच ठरवलं. आता पुरे. घरी येऊन राजीनामा लिहिला. ‘कौटुंबिक अडचणीमुळे’ हे शब्द तीनदा खोडले, तीनदा लिहिले.

मग सुमीला मांडीवर घेतलं. “उद्यापासून दुपारी वर्ग नाही हं. आपण घरीच राहायचं. चालेल ना?”

सुमीनं माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “बरं. तू राहा घरी. मी भागीरथीमावशीबरोबर जाईन.”