कॉलरीतलं बोट

रोज सकाळी वरचं बटण लावलं की आत्या कॉलर आणि गळा यांच्यामध्ये एक बोट घालून फिरवायची. बोट सहज फिरलं, म्हणजे कॉलर बरोबर. मग तीन जिने चढून ती आपल्या शिवणखोलीत जायची.

ती पुरुषांचे शर्ट शिवायची आणि स्वतःही शर्टच घालायची, गळ्यापर्यंत बंद. उकाड्यातही वरचं बटण उघडायची नाही. "शिवणारीचाच गळा उघडा दिसला, तर गिऱ्हाइकाने कॉलर कुणाच्या भरवशावर टाकायची?"

अठ्ठावन्नाव्या वर्षी बोट अडू लागलं. तिने बटण पाव इंच सरकवलं. दोन महिन्यांनी आणखी पाव इंच. कंबरेला मात्र कपडे आत घ्यावे लागत होते. यावर तिचं उत्तर तयार होतं : "वय झालं की मांस वर सरकतं."

मग काजं वाकडी यायला लागली, कारण हात थरथरत होता. जिन्यात ती दुसऱ्या वळणावर थांबू लागली, पुढे पहिल्याच. कुणी पाहिलं तर हातातलं कापड उजेडात धरून वीण तपासल्यासारखी बघत राहायची.

"ताई, मशीन खाली आणू," बाबा म्हणाले. बाबा तिचे धाकटे भाऊ. आम्ही सगळे तळमजल्यावर राहायचो, आत्याही.

"खाली उजेड कुठाय? पांढऱ्या कापडावर पांढरी टीप काय चाचपडत घालू?"

"अगं, पण धाप लागते तुला."

"लागू दे. मशीन खाली आलं की मी संपले समज."

पाय सुजले आणि तिने चपलेचा पट्टा उसवला, तेव्हा मी तिला ओढूनच दवाखान्यात नेलं. हृदयाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई तिच्याहून बऱ्याच लहान होत्या.

"फुफ्फुसांमधला रक्तदाब वाढलाय, आजी."

"आजी कुणाला म्हणता? आणि बीपी माझं उत्तम आहे. परवाच मोजलंय."

"ते दंडातलं. हा दाब फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांमधला. तो दंडाला पट्टा बांधून कळत नाही. त्यानेच धाप लागते, पाय सुजतात. कारण सापडेपर्यंत जिने बंद."

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच मशीन उचलून खाली आणलं होतं.

"वरचं बटण काढा बघू."

"नळी लावायला खालची दोन पुरतात की. आधीच्या डॉक्टरांना पुरली."

"मला गळा बघायचाय."

तिने नाइलाजाने बटण काढलं. डॉक्टरबाईंची नजर गळ्यावरून पट्टीवर गेली. तिथे बटणाशेजारी जुन्या टाक्यांच्या दोन खुणा होत्या.

"बटण सरकवलंय?"

"कापड धुतलं की आटतं."

"सगळेच शर्ट आटले?"

आत्याने पट्टीवर हात ठेवून खुणा झाकल्या. डॉक्टरबाईंनी तिला घोटभर पाणी प्यायला लावलं. गिळताना गळ्याशी फुगलेली एक गाठ वर गेली आणि खाली आली.

रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त हार्मोन रक्तात सोडत होती. त्या हार्मोनने सगळं शरीर घाईला येतं, डॉक्टरबाईंनी सांगितलं. हृदय धावत सुटतं, फुफ्फुसांकडे जास्त रक्त ढकलतं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्याही आवळतात. दाब चढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकते.

"म्हणजे गळ्यात बसून कुणीतरी पायडल मारत होतं," आत्या म्हणाली, "आणि झीज मशीनची."

"साधारण तसंच."

"मग थांबवा की त्याला."

"गोळ्यांनी थांबेल. या कारणाने चढलेला दाब पुष्कळदा उतरतो. पूर्ण उतरेलच असं नाही."

पुढचे सात महिने आत्या तळमजल्यावरच राहिली. मशीन वरच होतं. त्याला हात लावायचा नाही अशी तंबी होती. ती खिडकीशी बसून जुने शर्ट उसवायची, बटणं लावायची आणि माझ्या शिवणाला नावं ठेवायची. रोज सकाळी बोट घालून बघायची. आधी हाताची थरथर थांबली. मग धाप कमी झाली. पुढच्या तपासणीत दाब बराच उतरला होता, सगळा नाही. जिने चढायला परवानगी मिळाली, सावकाश.

बाबांनी प्रत्येक वळणावर एकेक स्टूल ठेवलं. "म्हातारी समजलास का मला?" असं म्हणून पहिल्या दिवशी ती तिन्ही स्टुलांवर बसली. वर पोचल्यावर आधी आपल्या सगळ्या शर्टांची बटणं पाव इंच मागे घेतली. उरलेलं पाव इंच मात्र कायमचं वाढलेलं राहिलं. कॉलर कितीही गच्च झाली तरी बटण सरकवण्याआधी आरशात गळा बघायचा, हे ती नंतर गिऱ्हाइकांनाही सांगायची.

नऊ वर्षं तिने वरच्या उजेडात काढली. शेवटच्या सकाळीही स्टुलांवर बसत बसत वर गेली. थोड्या वेळाने मशीनची घरघर थांबली आणि तिने कठड्यावरून मला हाक मारली :

"खालचं दार नुसतं लोटून ठेव गं, कडी नको घालूस. तो निळ्या शर्टवाला मापाला यायचाय."