पूजेचा रिकामा फोल्डर

तापलेल्या मॉनिटरच्या वासात झेंडूचा आणि उदबत्तीचा वास मिसळला की जो तयार होतो, त्याला माझ्याकडे नाव नाही. भाईंदर पूर्वेच्या आमच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात दर लक्ष्मीपूजनाला तो येई. नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या संध्याकाळी पूजेला आम्ही चौघे हजर होतो: शेठ, त्यांचा भाचा जिग्नेश, पॅकिंगमधून नुकत्याच कॉम्प्युटरवर आलेल्या सुषमाताई आणि हिशेब बघणारा मी. खर्च दोनशे दहा रुपये, नारळासकट.

चोपड्यांवर कुंकवाने श्री काढून झाल्यावर शेठ कॉम्प्युटरपाशी थबकले. "सुषमाबेन, सगळा हिशेब आता याच्या पोटात. मग श्री पण आतच पाहिजे ना?" ताईंनी आमच्या सामाईक फोल्डरच्या नावाआधी इंग्रजी अक्षरांत श्री लिहिलं. शेठनी डोळे मिटून हात जोडले, मीही जोडले. किती साधी, किती निर्मळ कृती! तिच्यात काही बिघडेल असं कुणाच्या मनात तरी यावं का?

आमचे तीन कॉम्प्युटर एका तारेने जोडलेले होते. ताई त्यांच्या फाइलीत हजेरी भरत. माझ्या पगारपत्रकात हजेरीचा आकडा नसे, तो कुठे सापडेल याचा पत्ता असे. पत्रक उघडलं की ते त्या पत्त्यावर जाई आणि ताजा आकडा घेऊन येई. मला त्याचं फार कौतुक वाटे.

दिवाळीच्या सुटीनंतर लाभपंचमीला कारखाना उघडला, तेव्हा मी पोचण्याआधीच जिग्नेशने पत्रक उघडलं होतं. फाइल सापडत नाही, अशी पाटी आली; ती त्याने न वाचताच मिटवली. मग पत्रक बिचारं मुकाट्याने जुनेच आकडे दाखवत बसलं. मी दारात चपला काढतोय तोवर त्याचा आवाज कानावर आला. "देखो मामा, इन्होंने हाजिरी भरीच नहीं. वापस पॅकिंगमें भेजो."

ताईंची कॉम्प्युटरवरची सहा महिन्यांची उमेदवारी अजून संपायची होती. खारीगावातल्या घरी दोन पोरांचं उरकून, कारखान्यातली पाळी संपल्यावर केबिन रोडच्या क्लासला जाऊन त्या हे शिकल्या होत्या. "भरलीय हो साहेब," त्या मला म्हणाल्या, "पूजेच्या दिवशी सकाळीच भरलीय. तुम्ही बघा तरी."

मी त्यांची फाइल उघडली. हजेरी जागच्या जागी होती, एकही खाडा चुकलेला नव्हता. चुकला होता तो रस्ता: श्री लागून फोल्डरचं नाव बदललं होतं, आणि माझं पत्रक अजून जुन्याच नावाने त्याला शोधत होतं.

तुम्हीही कधी घर बदललं असेल. आम्ही गिरगावातून मीरा रोडला आलो, तेव्हा मी सगळ्यांना ऐटीत सांगितलं, स्टेशनच्या डाव्या हाताला. कुणाच्या डाव्या हाताला? त्यात बिल्डरने ताबा देताना इमारतीचं नावच बदललं, आणि थोरल्या भावाची पत्रं कितीतरी दिवस जुन्या नावाच्या शोधात भटकली. पत्र लिहिणारा तोच, वाचणारा तोच, माया तीच. मधली पाटी तेवढी बदललेली. माणसं दुरावतात ती दर वेळी भांडूनच दुरावतात का?

आमचंही तसंच होतं. एकाच सामाईक फोल्डरला माझा कॉम्प्युटर एफ ड्राइव्ह म्हणे, ताईंचा जी. तेही डावं-उजवंच! त्या सकाळी ताई आणि मी शेजारी बसलो आणि पत्रकातल्या एकेका दुव्याला त्या अक्षराऐवजी पुरता पत्ता दिला: कुठला कॉम्प्युटर, कुठला फोल्डर, कुठली फाइल. फाइलीचं नाव बदलायचंच असेल, तर तिच्यावर विसंबलेली फाइलही उघडी ठेवायची आणि मग नव्या नावाने जतन करायचं, म्हणजे दुसरीला आपोआप कळतं, हेही ठरलं. पत्रकात ताजी हजेरी उमटली, तशी ताईंनी पदराने तोंड पुसलं.

"तो अब वो श्री निकाल दो!" जिग्नेश म्हणाला. शेठचा चेहरा उतरला. लावलेलं श्री पुसायचं? आम्ही ते वर्षभर तसंच राहू दिलं.

पण पुढली दिवाळी येणारच होती, आणि श्री पुन्हा लिहिलं की पत्ते पुन्हा बदलणार होते. ती जवळ आली तशा ताईच म्हणाल्या, "शेठ, पूजेला एक वेगळा फोल्डर करूया, रिकामा. त्याला श्री लावा, हार घाला, कायपण करा. कामाचा पत्ता तिकडनं जायलाच नको."

"रिकामा?" शेठ दचकले. "लक्ष्मी रिकाम्या घरात कशी येणार, बेन?"

"मग भरलेल्या घरात तिला बसायला जागा कुठाय?"

शेठ पोट धरून हसले. जिग्नेशही हसला. पॅकिंगचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

त्या वर्षी पुन्हा तोच वास दरवळला, तापलेल्या प्लॅस्टिकचा आणि झेंडूचा. पडद्यावर रिकाम्या फोल्डरवर श्री होतं, आणि त्याच्या शेजारून आमचे सगळे दुवे निर्धास्त आपापल्या घरी जात-येत होते. पूजेचा खर्च दोनशे चाळीस. त्यातले एक्कावन्न या वेळी बोलावलेल्या गुरुजींना. आणि नारळ, शेठनी स्वतःच्या हाताने, सुषमाताईंना.