आईच्या गुडघ्यातल्या सुया

डॉक्टरांनी आईच्या गुडघ्यातली सुई हलकेच फिरवली आणि मी बेशुद्ध पडलो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. वसईजवळच्या गिरीज गावातली आमची केळीची नि भाजीची वाडी आई एकटीच्या हिमतीवर सांभाळायची. पण गुडघ्यांची झीज झाली आणि तिला वाफ्यात उकिडवं बसता येईना, चर्चमध्ये गुडघे टेकता येईनात. ‘वय झालं,’ म्हणून एकेका डॉक्टरने हात झटकले. मग कळलं, वसईत एक डॉक्टर चिनी पद्धतीने सुया टोचतात. आई लगेच तयार!

वाटेत मी तिचा हात धरून धीर देत होतो. “आई, घाबरायचं नाही. मी आहे ना!”

“मी कुठे घाबरलेय? तुझाच हात ओला लागतोय.”

(उकाडा फार होता हो!)

दवाखान्यात डॉक्टरांनी उकळत्या पाण्यातून चिमट्याने सुई काढली. केसासारखी बारीक. मला मात्र ती पहारीएवढी दिसली! आईने लुगडं गुडघ्यांच्या वर सरकवलं नि “टोचा,” म्हणाली, जणू केळीचा घड उतरवायला सांगतेय. दोन्ही गुडघ्यांत सुया गेल्या, आई हूं की चूं नाही. मग डॉक्टरांनी त्यातली एक फिरवली... पडताना मी टेबलाचा आधार घेतला. टेबल, कापूस, स्पिरिटची बाटली, सगळं माझ्यासोबत खाली!

आई जागची हलली नाही. खुर्चीतूनच हुकूम सुटले. “डॉक्टर, माझं राहू द्या. त्याची कॉलर सैल करा. पाय वर घ्या!”

“बाय, बेशुद्धीवरही आमच्याकडे सुई आहे. नाकाखाली टोचतात.”

“मग बघता काय? टोचा!”

मी डोळे उघडले. नाकाखाली काहीतरी चमकत होतं. मी डोळे पुन्हा मिटले.

पुढे आई एकटीच एसटीने जात राहिली. (मला सक्त मनाई!) झीज काही भरून आली नाही, पण ठणका उतरला. नाताळच्या मिस्साला चर्चमध्ये बाक धरून का होईना, तिने गुडघे टेकले. मला हुंदका आवरेना.

शेवटच्या खेपेला मी तिला आणायला गेलो आणि दाराबाहेरच थांबलो. आतून डॉक्टरांचा आवाज आला, “तुमचा मुलगा करतो काय?”

“मास्तर आहे,” आई अभिमानाने म्हणाली. “शाळेत लस टोचायला आले, की पोरांना धीर द्यायला हेडमास्तर ह्यालाच उभा करतात!”

उभा करायचे, हे खरं. पोरं धीट होती, म्हणून माझं निभावलं!